दहिवलीच्या नवरदेवासाठी मांडलेली चूल

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाहुलीचं लग्न दहिवलीच्या नवरदेवाशी ठरलं, तेव्हा आमच्या घराइतकी धांदल अख्ख्या कर्जतात फक्त घाट चढणाऱ्या आगगाडीची उडत असे. नवरदेव चिंध्यांचा, मिशा काजळाच्या. पण त्याची आई, म्हणजे आमची आतेबहीण, अशी खमकी की तिला पाहून आमचा मारका बैल शिंगं लपवी. तिची अट एकच.

"हुंडा नको, मानपान नको. खऱ्या चुलीवरचा खरा भात पायजे. नायतर नवरा तसाच माघारी नेईन."

बहिणीचा चेहरा उतरला. "दादा, माझी बाहुली बिनलग्नाची ऱ्हाईल रं!"

"मी हाय ना गं!" मी छाती फुगवली. ती इतकी फुगली, की बंडीचे बंद तुटले आणि त्यातला एक उल्हास नदीपार गेला.

खर्चायला जवळ काहीच नव्हतं, त्यामुळे खर्च झाला नाही. करवंटीचा हंडा झाला, बांबूच्या पेराची कळशी, नदीतल्या शिंपल्याची पळी, फुटक्या कौलाचा पाटा. उरली चूल. तिच्या मातीत शेण आणि भाताचं तूस कालवलं नाही तर ती तडकते, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मी माळ्यावर चढलो. तिथे टोपल्या दोन होत्या, अंधारात मला एकच दिसली. मूठ मूठ काढलं, मातीत तुडवलं आणि अशी चूल घातली, की आईची चूल आठवडाभर तिच्याकडे पाठ फिरवून बसली.

ऊन भाजत होतं. चूल तडकेल या धास्तीने बहीण तिला सकाळ-संध्याकाळ सारवी, वर ओलं गोणपाट पांघरी. लग्नाच्या सकाळी गोणपाट उचललं, तर चुलीला हिरवीगार दाढी आलेली!

बा धावत आला. वाकून बघितलं आणि खाली बसून हसायलाच लागला. "अरं, ह्ये तूस नाय, बियाणं हाय! आदी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचा, मंग त्यात पेरायचं. तुमी पेरून बसलात, आन् आता भाजाया निघालात व्हय?"

बहीण निखारा घेऊन उभी राहिली. पेटवलं तर कोवळे कोंब जळणार, न पेटवलं तर लग्न मोडणार. तेवढ्यात पानांच्या पिपाण्या वाजवत वऱ्हाड अंगणात शिरलं.

"भात कुटं हाय?" आतेबहीण गरजली.

बहिणीने निखारा टाकला, नाक पुसलं. "ह्यो काय, विहीणबाई, चुलीतच. आमच्यात भात शेतातनं आणत नायत. बसा पानावर, दिवाळीला वाढते."

"आन् तवर नवरा?"

"घरजावई ऱ्हाईल."

आतेबहिणीने एक कोंब ओढून पाहिला. खरा निघाला. तिचे डोळे लकाकले. "हुंडा नको म्हनले, ते मागं घेते. ही चूल पायजे."

"चूल मिळायची नाय. नवरा ठेवायचा तर ठेवा!"

नवरा ठेवला. अक्षता पडल्या.

पुढे ती रोपं आम्ही बांधाकडेला लावली. दिवाळीत त्या भातावर अख्खी दहिवली जेवली, आणि उरलेल्याच्या पेजेला खालापुरापर्यंत पूर आला. खोटं वाटत असेल, तर नवरदेवाला विचारा. तो अजून आमच्याच कोनाड्यात बसून आहे.