प्रभाबाईंचं ‘नको’

प्रभाबाई साळवे सत्तावन्नाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला निघाल्या, तेव्हा त्यांना वेड्यात काढणारी माणसं श्रीरामपुरापासून डब्लिनपर्यंत पसरली होती. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, लेकीकडे राहायला चाललीय, मिशनचं आपलं निमित्त. डब्लिनजवळ चेरीवूडच्या एका ऑफिसात नोकरी करणारी लेक सुरुची म्हणाली, निमित्त का होईना, येतेस ना?  प्रभाबाई आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला उतरल्या, बॅग ओढत मिशनच्या घराची पायरी चढल्या आणि दारातच सांगून मोकळ्या झाल्या, की आपण लेकीकडे राहायला आलेलो नाही, बोलिव्हियाला जायला आलो आहोत.

परदेशी सेवेला निघालेल्यांना त्या घरात आठ आठवडे भाषा शिकवत आणि मग कुठल्या तरी गावी धाडत. बोलिव्हियाच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात दोन वर्षं सुईण नव्हती. प्रभाबाईंनी मिशन हॉस्पिटलात तीस वर्षं बाळंतपणं केली होती. त्या दवाखान्याचं कळल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

घराचा नियम कडक होता. जेवणाच्या टेबलावर फक्त स्पॅनिश. शब्द आला नाही तर ती वस्तू मिळायची नाही. घरच्या प्रमुख सिस्टर उना सत्तरी ओलांडलेल्या, मायाळू बाई. त्यांनी प्रभाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की पहिला आठवडा तुम्ही इंग्लिश बोललात तरी ग्रँड, म्हणजे चालेल, या वयात जड जातं. प्रभाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवलत म्हाताऱ्यांना द्या, असं त्या आपल्याहून पंधरा वर्षांनी थोरल्या सिस्टरना सांगून आल्या. मग तीन दिवस त्यांनी अळणी बटाटे खाल्ले. चौथ्या दिवशी मीठ मागितलं आणि सूड उगवावा तसं ताटभर घालून घेतलं.

अभ्यासाची रीत त्यांची स्वतःची होती. हरेगावला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं घोकली, तशी त्या स्पॅनिश घोकू लागल्या. खोलीतल्या कपाटाला सिस्टर उना प्रेस म्हणायच्या, त्याच्या दारावर स्पॅनिश शब्दांच्या चिठ्ठ्यांची नुसती दाटी झाली. शिकवणारी मार्लेनी, बोलिव्हियाचीच, तिशीतली तडफदार मुलगी, म्हणाली की घोकून भाषा येत नाही. बाई म्हणाल्या, घोकून देव आला, भाषा कुठे जाते?

एवढी ही करारी बाई, पण एका ठिकाणी तिची जीभ लुळी पडायची. पेशंटला ब्लँकेट मिळालं नाही तर थेट सुपरिंटेंडेंटच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. स्वतःसाठी मात्र कधी काही मागितलं नाही. आपल्याकडची रीतच आहे ना, पहिला ‘नको’ शिष्टाचाराचा, दुसरा लाजेचा, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की ताट पुढे करायचं. सिस्टर उनांशी त्यांचं या बाबतीत फार जमायचं, कारण आयरिश माणूसही पहिल्या झटक्यात चहाला हो म्हणत नाही. दोघी एकमेकींना नको नको म्हणत दोन दोन कप रिचवायच्या. मार्लेनीच्या घरी मात्र तशी रीत नसावी. बाई नको म्हणाल्या की ती भांडं उचलून पुढच्याला द्यायची. तिच्या पंक्तीला बसलं की बाई अर्धपोटी उठायच्या आणि खोलीत जाऊन चिवडा खायच्या.

दुसऱ्या शुक्रवारी कोणाला कुठे धाडायचं ते ठरवायला मार्लेनीने एकेकाला वर्गात बोलावलं. प्रभाबाईंना तिने स्पॅनिशमध्ये विचारलं, डोंगरातल्या त्या दवाखान्यात जाल का? बाईंना प्रश्न शब्द न् शब्द कळला. त्या आनंदात तोंडून निघून गेलं, नको नको, माझ्याहून चांगल्या मुली आहेत. तेही चक्क स्पॅनिशमध्ये. मग त्या हात जुळवून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसल्या. मार्लेनीने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

शनिवारी सकाळी सिस्टर उनांनी मायेने हात धरला. तुम्ही नाही म्हणालात ते प्रामाणिकपणे केलंत, म्हणाल्या, इथेच आजाऱ्यांना भेटायचं काम देऊ, लेकही जवळ राहील. सुरुचीचा तर फोनच आला, सिस्टरनी तिला आधीच कळवलं होतं. “आई, फायनली. गेस्ट रूम रेडीच आहे गं. देवाच्याच मनात होतं.”

फोन ठेवून प्रभाबाई पलंगावर बसल्या आणि रडल्या. राग कोणावर काढणार? बाविसाव्या वर्षी मिशनच्या मदरने असंच एकदा विचारलं होतं, आफ्रिकेला जातेस का? मी कसली जातेय मेली, असं म्हणून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. नर्सिंगच्या वर्गातली दुसरी मुलगी गेली. ते दुःख त्यांनी पस्तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आणि आज पुन्हा आपल्याच तोंडाने आपणच आपला घात केला होता.

त्या उठल्या, तोंड धुतलं आणि सिस्टर उनांना गाठून सगळं सांगितलं. सिस्टरना ते लगेच उमगलं. मीच मार्लेनीशी बोलते, म्हणाल्या. प्रभाबाईंनी त्यांना अडवलं. आजवर दुसऱ्यांनी बोलायची वाट बघितली, तिथेच तर नडलं होतं.

दुपारी सगळे जेवायला बसले. प्रभाबाई उभ्याच राहिल्या. नियम होता, म्हणून बोलल्या त्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये.

“मार्लेनी, मला जायचंय.”

मार्लेनीने काटा खाली ठेवला. काल तुम्हीच नको म्हणालात, ती म्हणाली.

“माझं गाव, तीन वेळा विचारतात. तू, एक वेळ.”

टेबलावर कोणी हसलं नाही. सिस्टर उना ताटात बघत होत्या. मार्लेनी सावकाश, बाईंना कळेल अशा शब्दांत म्हणाली, “तिथे डोंगरात तुम्हाला कोणी तीनदा विचारणार नाही.”

“म्हणून तर न विचारता सांगतेय.”

मार्लेनी उठली, वही घेऊन आली, कालची ओळ खोडली आणि पेन बाईंच्या हातात दिलं. प्रभाबाईंनी आपलं नाव स्वतः लिहिलं, प्रभा योसेफ साळवे, ठसठशीत. मग खाली बसल्या, बटाट्यांचं भांडं आपल्याकडे ओढलं आणि पोटभर जेवल्या.

संध्याकाळी त्यांनी सुरुचीला फोन केला. जायचं नक्की झालं, असं सांगितलं. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “आणि मी थांब म्हटलं तर?”

“तीनदा म्हण,” प्रभाबाई म्हणाल्या. “मनापासून म्हण. मी ऐकतेय.”

सुरुचीने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिला हुंदका आवरला नाही, आणि इकडे प्रभाबाईंचेही डोळे वाहत होते. तिन्ही वेळा त्या नको म्हणाल्या, आणि तिसऱ्या वेळीही तो नकोच होता.