बारा खोऱ्यांच्या नळ्या

नारिन या डोंगराळ गावातल्या प्लेग-प्रयोगशाळेत ऐसालकिनला नऊ वर्षं झाली होती. मार्मोट हा डोंगरात बिळं करून राहणारा प्राणी. त्याच्या पिसवांतून प्लेगचे जंतू वेगळे काढायचे, वाढवायचे, नळीत जपायचे, हे तिला तोलोगोन अगाईंनी, म्हणजे तोलोगोन गुरुजींनी, हाताला धरून शिकवलं. अगाई आता निवृत्त होते.

जर्मनीतल्या एका विद्यापीठाने तिला पीएचडीची जागा देऊ केली होती. वेगवेगळ्या खोऱ्यांत एकच जंतू कसा बदलत गेला, हा विषय. अगाईंनी बारा खोऱ्यांतून आणलेल्या नळ्यांवर तिचा अर्ज उभा होता.

निघण्याआधी तिने त्या जंतूंचा डीएनए तपासून घेतला. बाराही अक्षर न् अक्षर सारखे निघाले. बाराही नळ्यांत डीएनएचा तोच एक तुकडा गळालेला, तोही प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवल्यावर गळतो तसा.  मग ती अगाईंकडे गेली.

"अगाई, या नळ्या कुठल्या?"

"लेबल वाचता येत नाही का तुला?"

"लेबल वाचलं. आतलंही वाचलंय."

अगाईंनी चहाची वाटी खाली ठेवली. "गुडघे गेले होते, पोरी. घोड्यावर बसवेना. आरोग्य खातं मात्र दरवर्षी नळ्या मागायचं. एकीतून बाकीच्या भरल्या."

"मला सांगायचं होतंत. मी गेले असते."

"तुझ्यापुढे म्हातारा व्हायची लाज वाटली." मग ते हळूच म्हणाले, "फुटल्या म्हणून सांग. तुझी जागाही राहील."

"त्या खोऱ्यांत मेंढपाळ तंबू टाकतात, अगाई. तिथे प्लेग आहे की नाही, कुणी पाहिलेलंच नाही."

तिने दोन पत्रं लिहिली, एक प्राध्यापकांना, एक खात्याला. प्राध्यापकांनी सभ्य शब्दांत कळवलं, या वर्षी जागा देता येणार नाही. खात्याने अगाईंना चौकशीला बोलावलं. त्यांच्या बायकोने ऐसालकिनला दारातूनच परत पाठवलं. "याच घरचं खाऊन मोठी झालीस," एवढंच ती म्हणाली.

उन्हाळ्यात ऐसालकिन घोड्यावरून ती खोरी फिरली. चौथ्या खोऱ्यात मेलेले मार्मोट सापडले, आणि त्यांच्यात प्लेग. खाली मेंढपाळांची तीन कुटुंबं उतरली होती. सगळ्यांना लस टोचली, तंबू हलवले, कुणी दगावलं नाही.

अगाईंना हे कळलं असावं. बाजारात ते समोरून आले, क्षणभर थांबले आणि मान खाली घालून पुढे गेले. तिलाही हाक मारवली नाही.