घामेजलेल्या जवाला वारा नको

वेंडेलिन पोस्पीखल. या आडनावाचा अर्थ 'घाईत होता' असा आहे. मोरावियातल्या आमच्या हाना भागात असली आडनावं सर्रास सापडतात, आणि ती नेमकी चुकीच्या माणसाला मिळतात. दूध उतू जायला लागलं की वेंडेलिनकाका आधी उठतात, मग खुर्ची टेबलाखाली नीट सरकवतात, मग शेगडीकडे निघतात. तोवर हेडविकाकाकूंनी शेगडी पुसून फडकं वाळत घातलेलं असतं.

घाई त्यांना एकाच गोष्टीची, खिडकी लावायची. मोरावियात आरपार वाऱ्याला सगळेच थोडेफार भितात. काका इतरांच्या वाटचंही भितात. मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहते, त्यामुळे जुलै महिन्यातल्या बसप्रवासात त्यांच्या शेजारी बसायचा मान बऱ्याचदा माझ्याकडे येतो.

"ताई, ती काच वर करा. मानेत भरतंय," ते पुढच्या बाईला सांगतात.

"आजोबा, आत भाजून निघतोय आम्ही."

"तेच म्हणतोय मी. घाम आलेल्या अंगावर वारा म्हणजे सरळ न्यूमोनिया."

बाई काच वर करते. का, ते तिलाही कळत नाही. काका इतक्या शांतपणे सांगतात की नाही म्हणणारा माणूसच उद्धट वाटायला लागतो.

तर या काकांचा अभिमान म्हणजे त्यांचा जव. बिअरसाठी माल्ट होतं ना, त्या जातीचा. माल्टच्या कारखान्यात तो भिजवून त्याला कोंब आणतात, म्हणून दाणा जिवंत लागतो. मेलेला दाणा फक्त गुरांच्या आणि डुकरांच्या कामाचा. पोस्पीखलांचा जव आजवर गव्हाणीत गेलेला नाही, हे काका ओळख झाल्यावर पहिल्या पाच वाक्यांत सांगायचे. गावच्या खानावळीत पहिला ग्लास आला की ते तो उजेडाकडे धरतात. "यात आमचा आहे," म्हणतात. शेजारचा रोस्त्या विचारतो, "कुठला रे? डावीकडचा बुडबुडा का?"

रोस्त्या डुकरं पाळतो.

त्या वर्षी कापणीच्या मधेच पाऊस आला आणि जव जरा ओलसरच कोठारात पडला. ताज्या जवाचं आणखी एक असतं. तो झोपलेला असतो, काही आठवडे काही केल्या उगवत नाही. कारखान्यानं सांगितलं, जागा झाला की आणा, सप्टेंबर अखेरीला. तोवर रात्री पंखा लावा, गार हवा खेळवा, सध्या त्याला घाम फुटेल.

इकडच्या शेतकऱ्यांचा तो नेहमीचा शब्द आहे. कापलेलं धान्य ढिगात तापतं, ओल सोडतं, त्याला सगळे 'घाम फुटणं' म्हणतात. म्हणताना कुणाच्या डोळ्यांसमोर रुमाल येत नाही. वेंडेलिनकाकांच्या आला.

"घाम फुटलाय, आणि त्यात झोपलाय," ते पायऱ्यांवर मला म्हणाले. "आणि त्याच्यावर रात्रभर गार वारा सोडायचा? लेकराला सोडाल का?"

"काका, पण तो जव आहे."

"जिवंत आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं तर."

पंखा बंद झाला. कोठाराच्या खिडक्यांच्या फटींत चिंध्या गेल्या. ढिगावर पोती अंथरली गेली, आणि पोती पातळ वाटली म्हणून त्यांवर आईच्या वेळच्या, पिसं भरलेल्या दोन दुलया. काकू तेव्हा बहिणीकडे आलुबुखाराचा मुरंबा घोटायला गेल्या होत्या. हा मुरंबा दिवसरात्र ढवळावा लागतो आणि त्या वर्षी फळं मायंदाळ होती, त्यामुळे काकांना बरेच दिवस मोकळे सापडले.

काकू परतल्या, त्यांनी कोठाराचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"वेंडेलिन, कसला वास आहे हा?"

"झोपेचा."

काकूंनी दुलई बाजूला केली आणि हात कोपरापर्यंत ढिगात घातला. मग म्हणाल्या, "कोंबडीच्या पोटाखाली हात घातल्यासारखं लागतंय."

"मऊ आहे ना?"

"गरम आहे, शहाण्या. शिजतोय तो."

काकांनीही हात घातला. त्यांचा चेहरा हळूहळूच बदलतो, पण त्या दिवशी बदलला. त्यांनी मूठभर दाणे हुंगले, खिशात टाकले आणि घरात जाऊन ओल्या कापडात गुंडाळून शेगडीवरच्या फळीवर ठेवले. पुढचे तीन-चार दिवस ते कापड उघडून बघायचे आणि परत मिटायचे.

"आला का कोंब?" काकू विचारायच्या.

"झोपलाय अजून."

रोस्त्यापर्यंत वास पोचला होता की बातमी, देव जाणे. तो कुंपणावर हात टेकून उभा. "वेंडेलिन, घाई नाही हां. माझी मंडळी वाट बघतायत, पण त्यांना संयम आहे."

"तुझ्या मंडळींना बटाटे उकड," काका म्हणाले. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

शेवटी आम्ही तिघं माझ्या गाडीतून कारखान्यात गेलो, काचा वर करून. काकूंनी ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून नमुने घेतले होते आणि प्रत्येक पिशवीवर जागा लिहिली होती. तिथल्या प्रयोगशाळेत राडाना नावाची बाई आहे. काकांना ती लहानपणापासून ओळखते, त्यामुळे ती त्यांच्याशी गोड बोलत नाही.

"पंखा लावला होता?"

"तो झोपलाय, राडाना. उशिरा जागा होणारा आहे. आमच्या घरात सगळेच तसे."

"काका, झोपलाय की गेलाय, ते आत्ता कळतं. बसा."

तिनं दाणे उभे चिरले आणि एका औषधात टाकले. जिवंत दाण्यातला कोंबाचा गर्भ त्यात लाल होतो, मग तो कितीही गाढ झोपलेला असो. मेलेला पांढराच राहतो. आम्ही बाकावर बसून वाट बघितली. काका टोपी गुडघ्यावर फिरवत होते. एकदाच बोलले. "वडील असते तर मला बाहेर उभं केलं असतं."

"दारात?" मी विचारलं.

"आरपार वाऱ्यात," ते म्हणाले.

राडानानं पहिली बशी आणली. सगळे पांढरे. दुसरीही पांढरी. तिसऱ्या बशीत दोन-चार दाण्यांना कसाबसा गुलाबी रंग आला होता, उगीच आशा लावण्यापुरता. काका उठले, खुर्ची नीट सरकवायला हात मागे नेला, तर तिथे बाक. ते तसेच उभे राहिले.

"बसा. एक राहिलीय," राडाना म्हणाली.

चौथी बशी लालभडक होती.

"हा कुठला?" काकांनी विचारलं.

राडानानं पिशवी वाचली. "फुटक्या काचेखालचा."

काकूंनी घसा साफ केला. कोठाराच्या पलीकडच्या टोकाला एक काच ईस्टरपासून फुटलेली होती. काचवाल्याचं आडनाव व्हिस्कोचिल, म्हणजे 'उडी मारली', आणि तो 'येतोच' म्हणाला होता तो अजून येत होता. त्याच्या भरवशावर काकांनी तिथे चिंध्या कोंबल्या नव्हत्या, आणि दुलया तिथवर पुरल्या नव्हत्या. तिथे रात्रभर वारा घुसायचा, आणि तिथलाच जव धडधाकट निघाला.

"हा मी घेते," राडाना म्हणाली. "पण आजच्या आज बाकीच्यापासून वेगळा करा आणि गार करा. मेलेल्याचं एक फावडंही यात आलं तर अख्खी गाडी परत पाठवीन. तुमची असली तरी."

"माझी असेल तर आधी पाठव," काका म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी आपल्या हातांनी चिंध्या उपसल्या, पंखा लावला आणि लाकडी फावडं घेऊन ढिगात उतरले. प्रश्न होता, रेघ कुठे मारायची? वरून सगळा जव एकाच रंगाचा दिसतो.

"इथपर्यंत चांगला असेल," काकू म्हणाल्या. "हात लावून बघ, गार आहे."

काकांनी हात लावला, विचार केला, आणि दोन पावलं खिडकीकडे सरकून रेघ ओढली.

"अरे, तो चांगलाही असेल."

"असेल. पण मी सांगू शकत नाही. सांगता येत नाही तो डुकरांचा."

अशा रीतीनं पोस्पीखलांचा बराचसा जव रेघेच्या चुकीच्या बाजूला गेला. बुरशी धरलेला मधला भाग त्यांनी उकिरड्यावर टाकला, तो डुकरांनाही द्यायचा नाही म्हणाले. उरलेल्यासाठी ते स्वतः कुंपणापाशी गेले, रोस्त्याला बोलवायला. रोस्त्या ट्रॉली घेऊन आला. महिनाभर साठवलेले टोमणे त्याच्या तोंडात तयार होते, पण काकांना घामानं निथळत फावडं मारताना बघून त्यानं दुसरं फावडं उचललं. अर्धी ट्रॉली भरेपर्यंत तो गप्प राहिला. रोस्त्यासाठी हा विक्रमच.

मग राहवेना. "खानावळीत विचारतील, काय झालं म्हणून. काय सांगू?"

काका फावड्यावर टेकले. "सांग, वेंडेलिननं जवाला पांघरूण घातलं."

"विश्वास नाही ठेवणार."

"माझ्याकडे पाठव. मी सांगतो."

पलीकडच्या खिडकीतून या दारापर्यंत सणसणीत वारा वाहत होता. रोस्त्यानं सवयीनं दार ओढून घेतलं.

"राहू दे उघडं," काका म्हणाले, आणि पुढचं फावडं भरलं.