सोडलेल्या सांडाचा मालक

१ ऑगस्ट १९८५ रोजी तुळशीराम सोमकुंवर यांनी पगाराचे पाचशे अठरा रुपये चाळीस पैसे घेतले, दोनदा मोजले आणि पांढुर्ण्याच्या कोंडवाड्याचं फाटक उघडायला परत आले. निवृत्तीला आठ महिने उरले होते. एकोणीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लोकांच्या शेतात, बाजारात शिरलेली ढोरं कोंडायची, वैरणपाणी करायचं, मालकाने दंड भरला की सोडायची आणि पंधरा दिवसांत कोणी आलं नाही तर लिलावात उभी करायची. गुडघे गेले होते. शेणाचं टोपलं नेताना आता ते वाटेत एकदा बसत.

त्याच दुपारी तिगाव रस्त्यावरचे भाऊराव दोन गडी घेऊन आले आणि मागून दोराने बांधलेला एक सांड. त्याने संत्र्याची चौदा कलमं मोडली होती.

"लिवा जी," भाऊराव म्हणाले. "देव अशीन तर देवळात बसावं. माह्या वाडीत काय काम?"

सांडाच्या पुठ्ठ्यावर त्रिशूळाचा डाग होता. साऱ्या बाजाराला तो माहीत होता. धान्याचे व्यापारी रघुनाथराव तीन वर्षांपूर्वी वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी सुनंदाबाई यांनी तेराव्याला, त्यांना गती मिळावी म्हणून, त्यांच्या नावाने तो सोडला होता. सोडलेलं जनावर कोणाचंच नसतं. त्याला कोणी बांधत नाही, जुंपत नाही. रोज सकाळी तो दुकानासमोर येऊन उभा राही आणि सुनंदाबाई डोक्यावर पदर घेऊन त्याला गूळ देत. नवरा असताना घेत, तसाच पदर. मुलाचं, विनायकचं लग्न ठरलं तेही त्यांनी आधी त्यालाच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई गुळाचा खडा घेऊन कोंडवाड्यावर आल्या.

"बाई, रजिस्टरात मालकाच्या रकान्यात सही करा, पैसे भरा आन् घेऊन जा," तुळशीराम म्हणाले.

"सही कशी करू तुळशीरामभाऊ? माहा हाय म्हटलं का दान मोडलं. मंग ते तिकडे अडकून राह्यतीन."

"विनायकले सांगा."

"तो तर पोटचा पोरगा. त्यानं सही केली म्हंजे बापाच्याच गळ्यात दावं बांधलं."

"शेजारपाजारचं कोणी?"

"विचारलं. कोण घेते दुसऱ्याचं मेलेलं माणूस आपल्या घरात?"

गावात तशी समजूतच होती. ज्याचं नाव मालक म्हणून लागेल, त्याच्या घरावर मेलेल्याचं ऋण चढतं. सुनंदाबाई पैसे मोजायला तयार होत्या, पण दान दिलेलं स्वतःच्या पैशाने सोडवणं म्हणजे ते परत विकत घेणंच, असंही त्यांचं मन म्हणे. कचेरीतले दत्तात्रयबाबू हसले. "मालक म्हणून रघुनाथरावांचंच नाव लिहू या. फक्त सहीला त्यांना बोलवा."

बाई रोज येत, भिंतीवरून गूळ देत, जात. दहाव्या दिवशी लोधीखेड्याचा एक ढोरांचा व्यापारी लिलावाचा माल पाहायला आला. त्याने सांडाचं वशिंड दाबलं, दात पाहिले. "खच्ची केला का वखराले धा वर्षं पाहाचं काम नाही," तो म्हणाला. सुनंदाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी गूळ भिंतीवर ठेवला आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. सांड मात्र दुपार होईस्तोवर फाटकाकडे तोंड करून उभा राही आणि कडब्याला तोंड लावत नसे.

तुळशीरामांचे वडील गावची मेलेली ढोरं ओढत. दोर बांधण्याआधी जनावराच्या कपाळावर हात ठेवून "चाल गड्या, थकला तू" म्हणत. तुळशीरामांनीही दहा वर्षं तो दोर धरला. छप्पन साली दोघांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी येऊन दोर जाळला. पुढे कोंडवाड्याची नोकरी लागली, तेव्हा वडील म्हणाले होते, "मेलेली सुटली, जित्ती लागली."

चौदाव्या दिवशी शांताबाई भाकर घेऊन आल्या, तेव्हा तुळशीरामांनी बायकोला मनातलं सांगितलं.

"बावीस प्रतिज्ञा पाठ हायेत ना तुमाले?" शांताबाई म्हणाल्या. "श्राद्ध करणार नाही म्हून शपथ घेतली. आन् आता परक्याचा मेलेला माणूस घरात आणून राहिले."

"घरात नाही. रजिस्टरात."

"एकच हाय."

"तुह्या मतानं तो सांड कोण हाय?"

"ढोर हाय. दुसरं काय?"

"माह्याही मतानं ढोरच हाय. म्हून मले सहीचं भेव नाही. ज्यायले तो देव वाटते, तेच मागं सरून राहिले."

"ढोरच हाय तर जाऊ द्या ना लिलावात."

तुळशीरामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "लिलाव पाहू पाहू थकलो," ते म्हणाले.

पंधरावा दिवस पंधरा ऑगस्टचा, सुटीचा आला, म्हणून लिलाव सोळाला होता. सकाळीच तुळशीरामांनी मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, खाली सही केली. दंडाचे तीस आणि सोळा दिवसांच्या खुराकीचे चोवीस, असे चोपन्न रुपये त्यांनी पगारातून मोजले. दत्तात्रयबाबूंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, पण थट्टा केली नाही. लोधीखेड्याचा व्यापारी "नोकरानंच माल उचलला" असं म्हणत गेला. फाटक उघडलं तसा सांड मागे न पाहता बाजाराच्या वाटेला लागला.

तो पुन्हा दुकानासमोर उभा राहू लागला. पदर, गूळ, सगळं पूर्वीसारखं झालं. एकदा तुळशीराम तिथून जात असताना सुनंदाबाई पायरी उतरून खाली आल्या.

"भाऊ, तुमाले काही सांगाचं अशीन त्याले, तर सांगा."

"मले काय सांगाचं? लोकायच्या भाजीले तोंड नको लावू म्हणा."

ते त्याने ऐकलं नाही. भाऊराव मोडलेल्या कलमांचं बोलायला घरी आले, तुळशीराम अंगणात गुडघ्यांना तेल चोळत बसलेले पाहून चहा पिऊन परत गेले. बाकीचे तसे गेले नाहीत. कोणाचं वाळवण, कोणाच्या कोबीचा ढीग, जो येई तो "तुमचा सांड" म्हणूनच सुरुवात करी. आपला नाही असं म्हणायची सोय नव्हती, सही होती. शांताबाई आत भांडी जरा जोराने ठेवत.

मार्चअखेर तुळशीराम निवृत्त झाले. त्याच आठवड्यात सांडाने भाजीवाल्या सरलाबाईच्या मेथीच्या नऊ जुड्या खाल्ल्या. हिशेब सहा रुपये पंचाहत्तर पैशांचा झाला. त्यांपैकी चार रुपये तुळशीरामांनी दिले. दोन रुपये पंचाहत्तर पैसे द्यायचे आहेत.