वाटीच्या तळाशी गेलेलं नाणं

मालूने आता आमच्या घरच्या फ्रीजमध्येही बर्फाच्या वाटीवर चार आण्यांचं नाणं ठेवलंय. कालपासून कितीदा तरी उघडून बघितलंय. ही सवय कुठवर जाईल, या काळजीने मला झोप नाही.

मालू माझी धाकटी. बी.एस्सी. झाली आणि मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत लागली. नवं औषध माणसांना देऊन बघतात, त्यांचं रक्त तपासायला तिथे येतं. बाटल्यांवर फक्त नंबर असतात, नावं नसतात. नमुने कायम गोठलेले राहिले पाहिजेत. एकदा जरी वितळले तर तपासायचे नाहीत, हा तिथला पहिला नियम.

लहानपणी ती आजीसोबत ठाण्याच्या बाजारात मासळीच्या पाटीमागे बसायची. माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई, पापलेटवर बोट दाबून सांगायच्या, "याला दोनदा बरफ लागलाय गो पोरी, मधी वितळून गेलेला, हा नको विकूस." म्हणूनच असेल, मालूने प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये गोठलेल्या पाण्याच्या वाटीवर नाणं ठेवलं होतं. बर्फ वितळला तर नाणं बुडणार. पाणी पुन्हा गोठलं तरी ते वर येणार नाही.

शुक्रवारी एमआयडीसीची सुट्टी, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज बंद असते. संध्याकाळी येणारी वीज या शुक्रवारी रात्रभर आलीच नाही, आली ती पहाटे. जनरेटर चालवायला कुणी नव्हतं. मालू शनिवारी दुपारपाळीला पोचली तेव्हा सगळं पुन्हा कडक गोठलेलं होतं, तापमानाचा काटाही उणे वीसवर. नाणं मात्र वाटीच्या तळाशी.

तिने मालकांना, जगनसाहेबांना, वाटी नेऊन दाखवली.

"ही लॅब आहे की मासळीबाजार?" ते हसत म्हणाले. "काटा बघ. नियमात उणे वीस लिहिलंय, आणि उणे वीसच आहे."

"आत्ता आहे, सर."

"मग आत्ताचं बघ. सोमवारी रिपोर्ट गेला पाहिजे. तुला नसेल जमत तर दुसरी कुणीतरी सही करेल."

घरी येऊन ती जेवली नाही. मी म्हटलं, "अगं, एवढं काय बिघडणार आहे?"

"आई, वितळलेल्या रक्तात हे औषध टिकत नाही. आहे त्यापेक्षा कमी दिसणार. मग डॉक्टर म्हणणार, डोस कमी पडतोय, वाढवा. हृदयाचे पेशंट आहेत ते."

"मग त्या डॉक्टरांनाच सांग ना."

"बाहेर बोलले तर नोकरी गेली. दुसऱ्या लॅबमध्येही कुणी उभं करणार नाही. यांची सगळीकडे ओळख आहे."

त्याच रात्री तिने घरच्या फ्रीजमध्ये वाटी ठेवली. आज रविवारी शेजारच्या मीराबाई जिना चढताना दम घेत उभ्या राहिल्या, तर ही त्यांच्याकडे बघतच राहिली. त्याही कुठल्याशा इस्पितळात नवी गोळी घेतात. कुठल्या इस्पितळात, ते तिने विचारलं नाही. मीही नाही.

त्या औषधाच्या डॉक्टरांचा नंबर तिने मला दिलाय. का दिला, ते बोलली नाही. उद्या सकाळी रिपोर्ट निघायच्या आत मी फोन लावणार. शुक्रवारी लॅबमधले नमुने वितळलेत, रक्त पुन्हा घ्या, एवढंच सांगायचं. नाव विचारलं तर माझं सांगेन. आडनावावरून ही गोष्ट मालूकडूनच बाहेर गेली, हे जगनसाहेबांना कळायला वेळ लागणार नाही. तरी लावणार.