वरचं पाणी

एस.वाय.ला केमिस्ट्रीच्या थिअरीत मला चांगले मार्क होते. ऑर्बिटलच्या आकृत्या झोपेतून उठवलं असतं तरी काढल्या असत्या. पण प्रॅक्टिकलला नापास होऊन केटी लागली आणि घरात सगळ्यांना अचानक माझ्या भवितव्याची काळजी वाटू लागली. बाबांच्या ओळखीने कोलशेतच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर पावत्या भरायचं काम तयार होतं. केटी पुन्हा राहिली तर कॉलेज बंद आणि ते काम सुरू, असं ठरलं. बाबा चिडले असते तर भांडता तरी आलं असतं. ते शांतपणे बोलले, म्हणून जास्त लागलं.

केटीच्या परीक्षेत एक हिरवट निळी पूड मिळाली. तिच्यातले दोन धातू ओळखायचे होते. पहिला पटकन सापडला. द्रावणात सडक्या अंड्यासारख्या वासाचा गॅस सोडला, काळा साका आला, म्हणजे तांबं. मग सेंट्रिफ्यूजच्या मशीनमध्ये गरगर फिरवल्यावर साका टेस्ट ट्यूबच्या तळाशी बसला आणि वर नितळ पाणी राहिलं. ते पाणी मी सरळ बेसिनमध्ये ओतून दिलं.

वर्तकनगरच्या आमच्या घरात रोज सकाळी तांदूळ धुवायचं काम माझ्याकडे असे. वरचं ओतायचं, खालचं ठेवायचं, हाताला तेवढंच ठाऊक. इथे मात्र दुसरा धातू वरच्या पाण्यात होता आणि माझ्या डोळ्यांदेखत गटारात गेला. मला स्वतःचा राग आला, आईचा आला, तांदळाचासुद्धा आला. पूड परत मागितली तर मार्क कापणार होते, आणि पहिल्यापासून सगळं करायला वेळ नव्हता.

मी तशीच उभी असताना मागून एक मुलगी वैतागून म्हणाली, "अगं, तुझी दुसरी ट्यूब काढ ना. मला मशीन पाहिजे."

दुसरी ट्यूब! मशीनचा तोल राहायला समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची ट्यूब लागते. बाकीचे तिच्यात साधं पाणी भरतात. मी घाईत माझंच द्रावण दोन्हींत अर्धं अर्धं केलं होतं आणि विसरले होते. त्या मुलीला मिठी मारायचीच बाकी होती.

या वेळी वरचं पाणी जिवापाड जपलं. उकळून वास घालवला, अमोनिया घातला, मग शेवटच्या रसायनाचे थेंब सोडले. ट्यूबमध्ये लालभडक साका उतरला. निकेल. इतकं हलकं वाटलं की मी स्टुलावर बसूनच घेतलं.

बाहेर येऊन बाबांना फोन केला. सांगितलं, दुसरं निकेल होतं, सापडलं. रसायनातलं त्यांना काही कळत नाही.

"मग त्या कोलशेतवाल्यांना नाही म्हणून सांगू ना?" त्यांनी विचारलं. माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त सुटका झाल्यासारखा आवाज होता.