मत का दिलं नाही, ते सांगा

लोकसभेचं मतदान होऊन तीन आठवडे झाले होते. शिंदखेड्याला तहसील कचेरीत आम्हा बीएलओंची बैठक होती. बीएलओ म्हणजे गावची मतदार यादी सांभाळणारे. कुणी शिक्षक, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी तलाठी. ज्यांच्या केंद्रावर निम्म्याहून कमी मतदान झालं होतं, त्या प्रत्येकाच्या हातात एकेक छापील कागद दिला होता. वर केंद्राचा क्रमांक आणि खाली एकच रिकामी ओळ : मतदान कमी होण्याचे कारण.

मी मोहखेड्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावात दोन केंद्रं. पहिल्याची यादी माझ्याकडे, दुसऱ्याची सुलक्षणाताईंकडे. मी शेजारच्याचा कागद पाहिला आणि 'मतदारांची उदासीनता व उन्हाची तीव्रता' असं लिहून दोन मिनिटांत मोकळा झालो. ताईंनी कागद कोराच ठेवला. नायब तहसीलदार साहेब कागद गोळा करत आले, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, मला कारण माहीत नाही."

"ऊन होतं, लिहा ना ताई. सगळ्यांनी तेच लिहिलंय."

"ऊन सगळ्यांनाच होतं. तरी एक हजार अडतीस मतदारांपैकी चारशे सत्तेचाळीस आले. बाकीचे का आले नाहीत, ते मी त्यांना विचारलेलंच नाही. पंधरा दिवस द्या."

साहेबांनी कागद त्यांच्याकडेच राहू दिला आणि ते पुढे सरकले. परतताना एसटीत मी म्हणालो, "ताई, कशाला अंगावर काम ओढून घेता? हा कागद कुणी वाचणारही नाही."

"नसेल वाचत," त्या म्हणाल्या. "पण यादी तर माझीच आहे ना, सर."

सुलक्षणाताईंचं माहेर पाचोऱ्याचं. बारावी झाल्यावर लग्न होऊन मोहखेड्याला आल्या. नवरा प्रेमराज नरडाण्याच्या एमआयडीसीत सूतगिरणीत पाळीवर जातो. अंगणवाडीत ताईंना एकोणीस वर्षं झाली. गावातल्या विशीच्या आतल्या बहुतेक पोरापोरींचं वजन त्यांनी कधी ना कधी काट्यावर घेतलेलं आहे. कुठल्या घरात कोण बाळंत व्हायची आहे, कुणाला दम लागतो, कोण सुनेशी बोलत नाही, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. बोलणं कमी. पण एकदा दारात बसल्या की ऐकून घेतल्याशिवाय उठत नाहीत. चार वर्षांपूर्वी यादीचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, तेही त्यांनी वजनाच्या रजिस्टरसारखंच नीट ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या निघाल्या. सकाळी अंगणवाडी उरकायची, दुपारी जेवून थोडं टेकायचं आणि चारनंतर घरं घ्यायची. रोज वीस. हातात शाळकरी वही. प्रश्न एकच, "मत का दिलं नाही, ते सांगा. कुणाला दिलं, ते मला नको."

पहिले दोन-तीन दिवस लोक बिचकले. सरकारनं दंड काढला की काय, असं वाटलं. मग हळूहळू सांगू लागले. एकेका कारणाची मला कल्पनाच नव्हती. गावातले शंभराच्या वर लोक सुरतला साडीच्या कारखान्यांत आणि मागांवर आहेत. त्यांच्याकडे गुजरातचं मतदान सात मेला झालं, त्या दिवशी सुटी मिळाली. आपलं वीस मेला. त्या दिवशी तिकडे कारखाने चालू. यादीबाहेरच्या अठ्ठेचाळीस सुनाही अशा निघाल्या, की ज्यांची नावं अजून माहेरच्या यादीत होती. कुणाची साक्रीला, कुणाची अमळनेरला. लग्नाला दहा-दहा वर्षं झालेली. नाव इकडे आणता येतं हे घरात माहीत होतं, पण त्यासाठी कचेरीत कोण जाणार? केंद्र माझ्याच शाळेत, नाल्यापलीकडच्या प्लॉट भागापासून दीड किलोमीटरवर. शाळेच्या पाच पायऱ्या चढवत नाहीत म्हणून पुना नाना घरी राहिले. त्या पायऱ्या मी रोज चढतो, कधी मोजल्याही नव्हत्या.

भाईदास कोळींनी मात्र दारातच हात जोडले. पन्नाशीचा माणूस, चार एकर कापूस. "मत देवाले मी ना नही म्हणत. पन रस्ता कोठे शे?" त्यांच्या शिवारातला रस्ता तीन निवडणुकांत तीनदा होणार होता. बैलगाडी अजून चिखलातच रुतते. ताईंनी काही समजावलं नाही. वहीत त्यांच्या नावापुढे 'रस्ता' असं लिहिलं आणि पाणी पिऊन उठल्या.

नवव्या दिवशी त्या सुंदरबाईंच्या घरी गेल्या. सुंदरबाई म्हणजे गावाच्या सुंदरअक्का. वय सत्त्याहत्तर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. थोरला मुलगा शेती करतो, धाकटा नवल सुरतला असतो. ताई ओट्याला टेकल्या, वही उघडली. अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अक्का, मताला का आल्या नाहीत?"

"उनी व्हती," अक्का म्हणाल्या, म्हणजे आल्या होत्या. "भर उन्हामा उनी व्हती. यादीमा नावच नही."

ताईंचा हात थांबला. त्यांना सगळं आठवलं. जानेवारीत याद्या तपासताना हे घर तीनदा कुलूपबंद मिळालं होतं. थोरला मुलगा तेव्हा शेतातच राहायचा. शेजारणीनं सांगितलं, म्हातारी आता पोराकडे सुरतलाच राहणार. ताईंनी नियमाप्रमाणे दाराला नोटीस चिकटवली, पंधरा दिवस वाट पाहिली आणि 'कायमचे स्थलांतर' लिहून अर्ज पुढे पाठवला. प्रत्यक्षात अक्का नवलच्या बायकोच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. दोन महिन्यांत परत आल्या.

"पंचावन्न वरीस व्हयनात माले या गावमा," अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तू माले गावमाईन काढी टाकं. बठ्ठा गावले माहीत शे मी कोठे व्हती. तुले इचारता उनं नही का?"

"मनी चूक शे, अक्का."

"चूक शे ते चूक शे. जाय आते."

त्या गल्लीत अक्कांच्या भाऊबंदांची चौदा मतं. अक्का केंद्रावरून रिकाम्या परतल्या, ते बघून त्यांच्यातलं एकही माणूस पुढे मताला गेलं नव्हतं. एक पुतण्या तर रांगेत पोचलेला होता, तोही मागे फिरला. हेही ताईंना त्याच दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत माझ्याकडे आल्या. पोरं सुटली होती. बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मी म्हणालो, "ताई, तुम्ही नियमानं केलं. नोटीस लावली होती. तुमच्यावर काही येणार नाही."

"कुलपाला लावली होती नोटीस," त्या म्हणाल्या. "कुलूप वाचतं का? नवलचा नंबर माझ्याकडे होता, सर. त्याच्या पोरीला मी डोस पाजलेत. एक फोन केला असता तर पुरलं असतं. मी केला नाही, कारण मला त्या दिवशी यादी संपवायची होती."

मीसुद्धा अशा किती याद्या संपवल्या होत्या.

त्या महिन्यात ताई चार वेळा अक्कांकडे गेल्या. नव्यानं नाव नोंदवायचा अर्ज बरोबर असायचा. अक्का चहा द्यायच्या, नातवंडांविषयी बोलायच्या आणि अर्ज दिसला की आत जायच्या. ताईंनी जोर केला नाही. पंधरा दिवसांचा कागद त्यांनी वेळेत कचेरीत दिला. एका ओळीच्या जागी सात पानं जोडलेली. साहेबांनी ती ठेवून घेतली. पुढे काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

ऑगस्टमध्ये विधानसभेसाठी नवी प्रारूप यादी आली. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ताईंनी सरपंचांकडे दहा मिनिटं मागितली. झेंडावंदन होऊन लोक पटांगणात बसले होते, बायका एका बाजूला. ताईंनी वही उघडली आणि कारणं वाचून दाखवली. कुणाचं नाव घेतलं नाही. सुरतचे इतके, माहेरी नाव असलेल्या इतक्या, पायऱ्यांमुळे इतके, रस्त्यामुळे इतके. रस्त्याचा उल्लेख आला तेव्हा सरपंच खुर्चीत जरा हलले. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि पंधरा मतं माझ्यामुळे गेली. एक नाव मी शेजारणीच्या सांगण्यावरून कापलं आणि त्यांच्या भाऊबंदांतली चौदा माणसं त्यामुळे आली नाहीत. ते नाव सुंदरअक्कांचं. हे एकच नाव मी घेते, कारण चूक माझी आहे. यापुढे माणसाशी बोलल्याशिवाय मी कुणाचं नाव कापणार नाही."

अक्का त्या दिवशी आलेल्या नव्हत्या. पण त्यांची नात पुनम मुलींच्या रांगेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीत पोरांची खिचडी चालली होती. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात रेशनकार्ड आणि आधारकार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

"फोटो लागस ना?" त्या म्हणाल्या. "काढ मग. नवं लुगडं नेसी येल शे मी."

ताईंनी भिंतीपाशी त्यांना बसवून मोबाइलवर फोटो काढला. तीन वेळा काढावा लागला, कारण पोरं मध्ये येत होती. अर्जावर अक्कांनी अंगठा दिला, मग थोडा वेळ तिथंच बसून पोरांना खिचडी वाढू लागल्या. झाल्या गोष्टीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतरचं काम ताईंनी गल्लीगल्लीत केलं. मारुतीच्या पाराशी, प्लॉट भागात, कोळीवाड्यात यादी मोठ्यानं वाचायची. ज्याचं नाव नाही किंवा चुकलं आहे, त्यानं तिथंच सांगायचं. अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस सुनांची नावं गावात आली. या वेळी माझी यादीही मी तशीच वाचली. मला तर पहिल्याच दिवशी यादीत तीन मेलेली माणसं आणि यादीबाहेर अठरा पूर्ण झालेली अकरा पोरं सापडली. पुना नाना पंच्याऐंशीच्या पुढचे, म्हणून त्यांच्या घरी येऊन मत घेण्याचा अर्ज वेळेत भरला. ग्रामपंचायतीनं पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार करून दिला. सरपंचांनी तो लगेच केला. रस्त्यापेक्षा सोपा होता.

सुरतचा प्रश्न अवघड होता. मतदान वीस नोव्हेंबरला, बुधवारी. दिवाळीला सगळे येऊन परत गेलेले. पुन्हा सुटी कोण देणार? ताईंनी नवलला फोन लावला.

"ताई, एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली," तो म्हणाला. "मी एकटा आलो तर चालेल. बाकीच्यांना कसं सांगू?"

"सांगू नकोस. नुसतं विचार. कोण येतो म्हणतं, त्याचा आकडा मला दे."

नवलनं विचारलं. पहिल्यांदा सहा जण म्हणाले. मग त्याच्या शेठनं अदलाबदलीनं पाळ्या लावायला होकार दिला, तेव्हा आकडा एकतीसवर गेला. वीस तारखेला सकाळच्या गाडीनं ते नरडाण्याला उतरले. प्रेमराजनं आपल्या ओळखीच्या दोन रिक्षा स्टेशनवर थांबवल्या होत्या. ते मत देऊन, घरी भाकरी खाऊन, संध्याकाळच्या गाडीनं परतले. शंभरावर माणसांतले एकतीसच. ताई म्हणाल्या, एकतीस पुष्कळ झाले.

त्या दिवशी हवा छान थंड होती. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बाकं टाकली होती, पाण्याचे जार ठेवले होते. ताई केंद्राबाहेर टेबल लावून चिठ्ठ्या शोधून देत होत्या. साडेनऊच्या सुमारास अक्का आल्या. बरोबर पुनम, थोरला मुलगा आणि मागे ती सगळी गल्ली. ताईंनी यादी काढली, बोट फिरवलं आणि नाव दाखवलं. अक्कांना वाचता येत नाही, तरी त्या वाकून त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग उताराच्या कठड्याला धरून आत गेल्या.

बाहेर आल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी बोलू लागल्या. नवी नावं आलेल्या सुना घोळक्यानं येत होत्या. एकीनं हळूच विचारलं, "आत काय करावं लागतं, अक्का?" अक्कांनी तिला बसवून सगळं सांगितलं, बोटाला शाई लावतात इथपासून.

दुपारी भाईदासची बायको आली. तिचं नाव या वेळी पहिल्यांदाच यादीत होतं. भाईदास तिला मोटारसायकलवर घेऊन आले, फाटकाशी थांबले आणि तिथंच बसून राहिले. ताई उठून त्यांच्यापाशी गेल्या.

"भाऊ, तुमचीही चिठ्ठी आहे माझ्याकडे."

"असू दे ताई. तिला द्यायचं होतं, तिला आणलं. मी रस्ता झाल्यावर येईन."

"बरं," ताई म्हणाल्या आणि त्यांना पाणी आणून दिलं.

सहाला फाटक बंद झालं. आकडा आला, एक हजार एक्क्याण्णवपैकी सातशे दोन. शेकडा चौसष्ट. ताईंनी तो वहीत लिहिला आणि त्याखाली, न आलेल्यांसाठी, नवं पान सोडलं. गुरुवारची सुटी घेऊन शुक्रवारी चारला त्या पुन्हा घरं घ्यायला निघाल्या. त्या वेळी मीही बरोबर होतो.